तीन फेऱ्या

"तोडू नका. किल्ली आहे माझ्याकडं."

किल्लीवाल्यानं कुलपावर छिन्नी टेकवली होती, हातोडा वर गेला होता, तेवढ्यात मागून हा आवाज आला. आम्ही सगळे वळलो. सत्तरीच्या आसपासची एक बाई गल्लीच्या तोंडाकडून येत होती. डोक्यावर पदर, काखेत छत्री, चैत्राचं रणरणतं ऊन असूनही मिटलेली. कुणीतरी निरोप धाडला असणार; दम लागला होता, पण घाई नव्हती. आली, माझ्या आणि किल्लीवाल्याच्या मधून हात घातला, कुलूप उघडलं, कडी काढली आणि बाजूला सरकून म्हणाली, "या आत. पायताणं बाहेर काढा."

कोर्टात बेलीफ म्हणून माझी तेव्हा एकवीस वर्षं भरली होती. घराचा ताबा घ्यायला गेलं की लोक शिव्या देतात, दारात आडवे पडतात, रॉकेलचा डबा घेऊन उभे राहतात. एकानं तर माझ्या अंगावर कुत्रं सोडलं होतं, त्याचे दात अजून पोटरीवर आहेत. पण कोर्टाच्या माणसाला आपल्या हातानं कुलूप काढून देणारी आणि वर पायताण काढायला लावणारी मी पहिल्यांदाच बघितली. मी मुकाट्यानं चप्पल काढली. माझ्यामागं दोन्ही पंचांनी काढली. किरण शेटेनं नाही काढली.

किरण शेटे म्हणजे घरमालक. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, दोन खोल्या आणि मागं मोरी. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी त्या खोल्या इंदुमती घोंगडे या बाईंना भाड्यानं दिल्या. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, गाव त्यांना शिवणाच्या बाईच म्हणायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वडील होते तोवर सगळं सुरळीत चाललं. ते गेले आणि किरणला तिथं दुकानांचे गाळे दिसायला लागले.

माझ्या हातात वॉरंट होतं. भाडेकरू सहा महिन्यांच्या वर जागा वापरत नाही, जागा बंद पडून आहे, सबब ताबा मालकाला द्यावा. निकाल एकतर्फी झाला होता. म्हणजे समन्स काढूनही बाई कोर्टात आल्या नाहीत, त्यांच्या बाजूनं कुणी ब्र काढला नाही, आणि मालक म्हणाला तेच खरं धरलं गेलं. असे निकाल आमच्याकडं महिन्याला पाच-सात व्हायचे. मी काही वाचत बसायचो नाही. नाव, पत्ता, सही, शिक्का बघितला की निघालो.

शेजारच्या ओट्यावर शेवंता म्हणून एक बाई उभी होती. ती म्हणाली, "दादा, उन्हातनं आलाय, पाणी देऊ?"

"नको बाई."

"अहो, घोटभर घ्या की."

"नको म्हटलं ना!" मी जरा खेकसलोच.

त्याचं असं आहे. मला ही नोकरी शिकवली ती मुजावरचाचांनी. माझ्याआधीचे बेलीफ, हडकुळे, पान खाणारे, आणि सगळ्या तालुक्याची घरं माहीत असलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हत्तुरे, एक ध्यानात ठेव. ज्याच्या दारात कागद घेऊन गेलास, त्या दारचं पाणी प्यायचं नाही. त्याच्या घरचं नाही, शेजारचंही नाही. पाणी पोटात गेलं की माणूस बसतो. बसला की बोलतो. बोलला की हात उचलत नाही." मी हे एकवीस वर्षं पाळलं. घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची, पण कुणाच्या तांब्याला हात लावला नाही. मला त्याचा अभिमानच होता म्हणा ना.

आत गेलो. मी पाटावर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. एक पंच कोपऱ्यावरचा हॉटेलवाला, दुसरा सायकल दुकानवाला. हवालदार बाहेर लिंबाच्या सावलीत थांबला. किरण खोलीभर बोट फिरवत म्हणाला, "बघा, सगळं पडीक आहे. उंदरांनी घर केलंय."

मी बघितलं. शिवणयंत्रावर पांघरलेली चादर धुतलेली होती. कॅलेंडर चालू महिन्याचं होतं. देवळीतल्या निरांजनात तेल होतं आणि वात नवी होती, अर्धी जळलेली. पडीक घरात वात कोण घालतं? पण हे ठरवायला मला कुणी पाठवलं नव्हतं. मी लिहिलं, शिवणयंत्र एक, लोखंडी खाट एक, पितळी डबे चार.

बाई खाटेच्या कडेला बसून माझ्याकडं बघत होत्या. चष्म्यातून, जरा मान तिरकी करून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं.

"तुम्ही कोर्टात जिन्याखाली बसता ना?"

"हो."

"बाकावर. भिंतीकडच्या टोकाला."

"हो. का?"

"काही नाही. लिहा तुम्ही."

मी लिहायला लागलो, पण लेखणी अडखळली. बेलीफांचा बाक कोर्टाच्या जिन्याखाली असतो, खरंय, पण ते ताबा जाणाऱ्या बाईला कशाला ठाऊक असावं? मी विचारलं, "बाई, तुम्ही आला होतात का कधी कोर्टात?"

"आले होते की. गेल्या साली शिमग्याच्या आदल्या दिवशी."

किरण मध्येच म्हणाला, "साहेब, वेळ चाललाय."

"चालू दे," मी म्हणालो. "कशाला आला होतात?"

"पाणी तोडलं म्हणून." त्यांनी किरणकडं बघितलंही नाही. "यानं मोरीतला नळ बंद केला. मला वाटलं, दुरुस्ती असेल. चार दिवस शेवंताकडनं दोन-दोन कळशा आणल्या. पण माझा गुडघा असा, आणि रोज रोज कुणाला पिडायचं? पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, भाडेकरूचं पाणी तोडता येत नाही, कायदा आहे. म्हटलं, कायदा आहे तर तो बघणारा कुणीतरी असेल. तर कोर्टात आले. जिन्याखाली तुम्ही बसला होतात. शेंगा खात होतात. मी विचारलं, दादा, भाडेकरूंचं इथं कोण बघतं? माझं पाणी तोडलंय. तुम्ही म्हणालात, पाण्याचं ना, मग नगरपालिकेत जा. आणि बोट दाखवलंत, फाटकाबाहेर."

हॉटेलवाला पंच आपल्या नखांकडं बघायला लागला.

मला आठवलं. बाईंचा चेहरा नव्हता आठवत, खोटं कशाला बोलू. पण तो दिवस आठवला. दुपारी तीन गावं करून आलो होतो. पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी होळीची सुट्टी. खिशात भाजलेल्या शेंगा होत्या आणि मला फक्त बसायचं होतं. कुणीतरी समोर येऊन काही विचारलं, मी वर न बघता उत्तर दिलं. असं मी दिवसातून दहा वेळा करायचो. बेलीफ म्हणजे काही चौकशीची खिडकी नव्हे! पण लोकांना कोर्टात खाकी दिसली की ते तिलाच विचारतात. आणि मला ठाऊक होतं हो, चांगलं ठाऊक होतं. मालकानं पाणी तोडलं, वीज तोडली, तर अर्ज आमच्याच कोर्टात द्यायचा असतो. कोर्ट मालकाला हुकूम काढतं. अर्ज घेणारी खिडकी माझ्या बाकाच्या मागंच होती. मला नुसतं वळून अंगठा मागं करायचा होता. मी बोट पुढं केलं.

"मग नगरपालिकेत गेला?" मी विचारलं.

"गेले. तिथले म्हणाले, नळजोड मालकाच्या नावावर. त्यानंच बंद करून मागितला, आम्ही काय करणार? पोलिसात जा. पोलीस म्हणाले, मारहाण झाली का? नाही ना? मग हे दिवाणी. तहसीलला जा, कुळांचं तिथं बघतात. तहसीलला गेले, तिथला कारकून हसला. म्हणाला, आजी, आमच्याकडं शेताची कुळं, घराची नाहीत. भाडेकरार कुठं नोंदवलाय तिथं विचारा. तिथं गेले. ते म्हणाले, आम्ही नुसती नोंद करतो, भांडण मिटवत नाही. शेवटी त्यांच्यातलाच एक शिपाई म्हणाला, बाई, कोर्टात जा. मी म्हटलं, अरे, कोर्टातनंच तर मला पाठवलंय!"

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आधी रात्रीपुरती बहिणीकडं निजायला जायला लागले. मग जेवायला. पाण्याशिवाय स्वयंपाक कसा करायचा? पण रोज संध्याकाळी पाच वाजता येऊन दिवा लावते. एक दिवस चुकवला नाही."

"म्हणजे घर वापरत नव्हता हे खरंच की!" किरण म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. अंगात संताप आला, पण तो त्याच्यावर होता की स्वतःवर, ते मला अजून सांगता येत नाही. मी विचारलं, "बाई, दाराला समन्स लावलं होतं. दिवाळीनंतर. ते नाही बघितलं?"

"कसलं समन्स?"

आता तेही सांगून टाकतो. ते समन्स लावणारा मीच. दार बंद असलं तर बेलीफानं वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या माराव्यात, माणूस भेटतो का बघावं, शेजारी विचारावं, आणि मगच दोन साक्षीदारांसमोर कागद दाराला चिकटवावा, अशी रीत. आम्ही एकच फेरी मारायचो. एकदा जाऊन दार बंद दिसलं की खळ लावून कागद चिकटवायचा आणि अहवालात लिहायचं, तीन वेळा गेलो, तीन तारखा टाकायच्या. मुजावरचाचांपासून सगळे असंच करत. आम्हा बेलीफांच्या वरचे साहेब म्हणजे नाझर, त्यांनाही माहीत होतं. चाळीस गावं आणि तीन बेलीफ, दुसरं काय करणार? या घरी मी सकाळी अकराला गेलो होतो. दार बंद. तेव्हाही हीच शेवंता ओट्यावर होती, तेव्हाही म्हणाली होती, "पाणी घ्या दादा." मी घेतलं नाही. घेतलं असतं तर बसलो असतो. बसलो असतो तर ती म्हणाली असती, बाई संध्याकाळी पाचला येतात की, तेव्हा या. मी कागद चिकटवला आणि पुढच्या गावाला गेलो. तो कागद वाऱ्यानं नेला, शेळीनं खळीसकट खाल्ला की किरण शेटेनं काढून घेतला, ते देवाला ठाऊक.

मी पुन्हा लेखणी उचलली. बाई म्हणाल्या, "सगळं लिहिताय ना?"

"हो."

"मग नळ पण लिहा."

"नळ सामानात येत नाही," किरण म्हणाला.

मी उठलो, मोरीत गेलो आणि नळ उघडला. आतून कोरडा सुस्कारा टाकल्यासारखी हवा आली आणि एक कोळी बाहेर पडला. मागच्या दारानं जाऊन बघितलं, पाईप भिंतीशी कापून त्याला बूच मारलं होतं. मी परत येऊन लिहिलं, मोरीतील नळ उघडून पाहिला, पाणी नाही, पाईप बाहेरून कापून बंद केलेला आहे. देवळीतील निरांजनात ताजे तेल व अर्धी जळालेली वात आहे.

"हे कशाला लिहिता?" किरणचा आवाज चढला. "हे तुमचं काम नाही!"

"डोळ्यांना दिसतंय ते लिहिणं एवढंच माझं काम आहे. पाटणकर वकिलांना सांगा तुमच्या."

त्यानं सही करायला नकार दिला. सायकलवाला म्हणाला, मला यात ओढू नका. हॉटेलवाल्यानं मात्र पेन घेतलं, नळाच्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि खाली सही केली. म्हणाला, "बाईंनी माझ्या पोरीला झबली शिवायला शिकवलंय."

आणि मग मी ताबा घेतला. हो, घेतला. वाटलं असेल तुम्हाला, वॉरंट फाडलं असेल, मालकाला हाकलून दिलं असेल. तसं काही होत नसतं. वॉरंट कोर्टाचं होतं आणि मी कोर्टाचा. शिवणयंत्र, खाट, डबे हातगाड्यावर चढवले, बहिणीच्या घरी पाठवले. बाईंनी निरांजन हातात घेतलं, तेल सांडू नये म्हणून पदरात धरलं. किरणनं आपलं नवं कुलूप लावलं. मी त्याच्याकडून ताबा मिळाल्याची सही घेतली. सगळं पाऊण तासात उरकलं.

लोक पांगले. बाई लिंबाखाली उभ्या होत्या.

"आता कुणाकडं जाऊ?" त्यांनी विचारलं. रागानं नाही विचारलं, खरंच विचारलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"चला," मी म्हणालो.

"कुठं?"

"वर्षापूर्वी पाठवायला हवं होतं तिथं."

"बोटानं दाखवा. जाते मी."

"नको बाई. त्या बोटावर आता माझाच भरवसा राहिला नाही."

कोर्ट तिथनं मैलभर. मी खाकीत, छातीवर बिल्ला, आणि शेजारी ज्यांना मी नुकतंच घराबाहेर काढलं त्या शिवणाच्या बाई, हातात निरांजन. बाजारपेठेतून चाललो तर लोक दुकानातून माना बाहेर काढून बघत होते. बाईंचा गुडघा दुखायचा, दर शंभर पावलांवर थांबायच्या. मीही थांबायचो. कोर्टात पोचल्यावर त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या, बाकाकडं बघितलं, मग मागच्या खिडकीकडं.

"हीच का ती?"

"हीच."

"किती पावलं होतील?"

मी मोजली. बावीस. त्यांनी मान हलवली.

पण आता त्या खिडकीवरच्या अर्जानं भागणार नव्हतं. गरिबांना फुकट वकील देतात त्या खोलीत बागवान म्हणून एक तरुण वकील बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना म्हणाला, "आजी, एकतर्फी निकाल रद्द होऊ शकतो. पण समन्स तुम्हाला नीट पोचलं नाही हे सिद्ध करावं लागेल." मग त्यानं फाईल मागवली, माझा अहवाल काढला, तीन तारखा वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हत्तुरे, तुम्ही तर तीनदा गेला होतात."

मी त्या तारखांवरून नजर काढून घेतली. बाई बोलल्या. "मग बहुतेक गेले असतील. कोर्टाचा माणूस खोटं कशाला लिहील?"

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. त्या मनापासून म्हणाल्या होत्या.

अर्जाची तारीख पडली आणि बागवाननं मला साक्षीदार म्हणून बोलावलं. आदल्या दिवशी नाझर ढोलेसाहेबांनी मला आत घेतलं, दार लावलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, मला खुर्ची दिली. वीस वर्षांत त्यांनी मला खुर्ची दिल्याचं मला आठवत नाही.

"उद्या काय सांगणार?"

"जे झालं ते."

"काय झालं? तू तीनदा गेलास. कागदावर आहे. बाई शिमग्याला आल्या होत्या की नाही, ते तुला आठवत नाही. रोज शंभर माणसं येतात. आठवत नाही म्हणायला काय खोटं आहे त्यात?"

"आठवतंय साहेब."

"हत्तुरे, एकदा म्हणालास की एक फेरी मारून तीन लिहिल्या, तर उद्या तालुक्यातला प्रत्येक वकील उठेल आणि प्रत्येक एकतर्फी निकाल उकरेल. तुझी चौकशी लागेल, ती वेगळी. पण तुझ्याबरोबर ते दोघं बेलीफ जातील. त्यांची पोरंबाळं आहेत. मी जाईन. आणि हे सगळं कशासाठी, दोन खोल्यांसाठी? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे."

खरं सांगतो, त्या रात्री मी ठरवलं होतं की आठवत नाही म्हणायचं. दमलो होतो हो. एकवीस वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन, उन्हातान्हात पाय तुडवून, आता म्हाताऱ्या वयात कुठं नवं लचांड? सकाळी अंघोळ करताना तेच ठरलेलं होतं. पिंजऱ्यात चढेपर्यंत तेच ठरलेलं होतं.

बागवाननं विचारलं, "आपण समन्स बजावायला तीन वेळा गेलात, असं अहवालात आहे. बरोबर?"

समोर बाकावर बाई बसल्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या, मान तिरकी करून. मी हो म्हणेन आणि त्या त्यावर विश्वास ठेवतील, हे मला दिसत होतं. घरी जाऊन बहिणीला सांगतील, बिचारा तीनदा आला गं, माझंच नशीब फुटकं.

"नाही," मी म्हणालो. "एकदाच गेलो."

न्यायाधीश मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं. "काय म्हणालात?"

"एकदाच गेलो, मॅडम. सकाळी अकराला. तीन लिहिल्या. शेजारी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाई रोज पाचला येतात हे कळलं असतं."

शिमग्याचंही सांगून टाकलं. मग पाटणकर वकील उठले, किरण शेटेचे. "हत्तुरे, शिमग्याच्या आदल्या दिवशी ही बाई कोर्टात तुमच्याकडं आली, असं तुमचं म्हणणं? तुम्हाला पक्षकारांना सल्ला द्यायचा अधिकार आहे का?"

"नाही साहेब."

"मग दिलात कसा?"

"सल्ला नाही दिला. बोट दाखवलं. चुकीच्या दिशेला."

"म्हणजे तुम्ही खोटा अहवाल लिहिणारे, चुकीची वाट दाखवणारे. अशा माणसावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

"तेच मी म्हणतोय साहेब," मी म्हणालो. "ठेवला, म्हणून तर बाई घराबाहेर गेल्या."

मागच्या रांगेत दुसरे दोन बेलीफ उभे होते, ते बाहेर निघून गेले. त्या दिवसानंतर त्या दोघांपैकी कुणी माझ्याशी कामाशिवाय बोललं नाही. बाकावर माझ्या बाजूला रुमाल टाकून जागा मोकळी ठेवायचे. माझी चौकशी लागली, वेतनवाढ थांबली, आणि निकाल लागताच बदलीचा कागद आला, शंभर किलोमीटर लांबच्या तालुक्याला. ढोलेसाहेब म्हणाले होते तसं सगळं झालं. माणूस वाईट नव्हता, आणि चुकीचंही बोलला नव्हता.

पण निकाल बाईंच्या बाजूनं लागला. एकतर्फी हुकूम रद्द झाला. पाणी तोडल्यामुळं बाईंना बाहेर राहावं लागलं, असं मॅडमनी लिहिलं, त्यात माझ्या पंचनाम्यातली नळाची आणि निरांजनाची ओळ जशीच्या तशी होती. खोल्यांचा ताबा परत द्यावा, नळजोड पूर्ववत करून द्यावा. आणि ताबा परत द्यायला माणूस कोण? बाकीचे दोघं म्हणाले, त्याचंच लफडं आहे, त्यालाच जाऊ दे. बदलीआधीचं माझं शेवटचं काम ते.

मार्गशीर्षातली सकाळ होती. चालत जाताना सहज मनात आलं, त्या घरी ही आपली तिसरी फेरी. एक कागद चिकटवायला, एक ताबा घ्यायला आणि ही. कागदावर तीन लिहिल्या होत्या, त्या शेवटी भरल्या.

किरण स्वतः आला नाही, माणसाबरोबर किल्ली पाठवली. पाटणकरांनी अपील करणार म्हणून सांगितलं होतं, ते करतील तेव्हा करतील. मी कुलूप काढलं आणि बाजूला झालो. चप्पल या वेळी कुणी न सांगता काढली. आत कोंदट वास. बाईंनी आधी देवळी पदरानं पुसली, निरांजन जागेवर ठेवलं. मग मोरीत गेल्या. मीही मागोमाग गेलो, पंचनाम्यासाठी बघणं भागच होतं. त्यांनी नळ फिरवला. नळ खोकला, थुंकला, तांबूस पाणी आलं, मग पांढरट, मग स्वच्छ. दीड वर्षांहून जास्त काळानं त्या मोरीत पाणी पडत होतं. बाईंनी हात धरला त्याच्याखाली, बराच वेळ. ओंजळ भरत होत्या आणि सोडत होत्या.

मी बाहेर येऊन लिहिलं, नळास पाणी आहे. बाईंची सही घेतली, शेवंताची पंच म्हणून घेतली. कागद घडी करून पिशवीत टाकला. आता निघायचं. पण पाय निघेनात. घसा असा कोरडा पडला होता की गिळवत नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "थोडं पाणी मिळेल का?"

एकवीस वर्षांत ज्या दारात कागद नेला तिथं मी कधी पाणी मागितलं नव्हतं. बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. हसल्या नाहीत, कपाळाला आठीही नाही.

"पाणी होय?" त्या म्हणाल्या. "त्याला नगरपालिकेत जावं लागतं."

मी मान खाली घातली. बाईंनी मला तसंच उभं ठेवलं, चांगलं पोटभर. मोरीत नळ चालूच होता, त्याचा आवाज येत होता.

मग त्या आत गेल्या, तांब्या राखेनं घासला, दोनदा विसळला, काठोकाठ भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. मी तांब्या उचलून तोंडाकडं नेला तर म्हणाल्या, "उभ्यानं नाही प्यायचं पाणी. बसा आधी."

मी उंबऱ्याच्या आत, भुईवर मांडी घालून बसलो. आणि तांब्या रिकामा होईपर्यंत उठलो नाही.